शेततळ्यातील मासे आणि गड्याचा वाटा



व्याख्यानांच्या पत्रिकेत माशांच्या विषयापुढे आमचे नाव छापलेले पाहून पुष्कळांनी रस्त्यात थांबवून विचारले, की युनियनवाल्यांनी संप सोडून मासे केव्हापासून धरले? विचारणाऱ्यांचा दोष नाही. विडी कामगार, साखर कारखान्यांतील हंगामी कामगार आणि शेतमजूर यांच्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, सभांच्या मांडवात आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून झाले. तेव्हा मत्स्यशास्त्राचा पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. एका भांडणाच्या निमित्ताने हा विषय आमच्या दारात आला आणि तो समजून घेणे भाग पडले. ते भांडण पुढे सांगूच. आधी मूळ वस्तूची ओळख करून घेऊ.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर धर्म, इतिहास, अर्थकारण यांची चर्चा होत आली आहे. शेततळ्यासारखा मातीचा विषय त्यात बसेल की नाही, अशी शंका कोणाला येईल. परंतु आपल्यापैकी निम्म्या लोकांची शेती गावाकडे आहे, ती भाऊ पाहतो किंवा गडी पाहतो. आणि उरलेल्या निम्म्यांच्या ताटात आठवड्यातून एकदा रोहू-कटला येतो, तो बहुधा आंध्रातून बर्फात बसून आलेला असतो. म्हणजे विषय दोन्ही बाजूंनी आपल्या घरापर्यंत आलेलाच आहे.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंचे नाव त्याला मिळाले, त्या याच जिल्ह्यातील चौंडीच्या लेक, आणि देशभर विहिरी, बारवा, घाट बांधणाऱ्या. म्हणजे जिल्ह्याच्या नावातच पाण्याची आठवण आहे. पाणी मात्र सर्वांना सारखे नाही. अकोल्याच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो. तेच ढग पूर्वेकडे येईपर्यंत रिकामे होतात. भंडारदरा आणि मुळा या धरणांचे पाणी ज्यांच्या शेताला पोचले, तेथे ऊस उभा राहिला, प्रवरानगरसारखा सहकारी कारखाना निघाला. ज्यांना ते पोचले नाही, त्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडच्या माणसांनी दुसऱ्याच्या उसावर कोयता चालवायला जायचे, असा न्याय ठरून गेला.

१९७२च्या दुष्काळात आमच्या आईने पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहिल्या. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या घामातून पुढे १९७७चा रोजगार हमीचा कायदा झाला. त्या वेळी जो तलाव खणला गेला तो गावाचा होता. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, आणि तळे शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आले. पूर्वी माणसे खणीत, आता यंत्र दोन-चार दिवसांत खणून मोकळे होते. आम्ही यंत्राचे वैरी नाही. फक्त एवढेच ध्यानात ठेवू, की मजुराला त्या खड्ड्यातून खोदाईची मजुरी मिळाली नाही. तेव्हा त्यात जे पिकेल त्यात तरी त्याचे काही आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष तळ्याकडे वळू. सर्वसाधारण मोठे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असते. कडा उतरत्या असल्यामुळे तळाशी ते २४ मीटरच भरते. हिशेब केला तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. वरचे तोंड ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. काळ्या चिकण मातीत पाणी थांबते, मुरमात ते झिरपते. म्हणून मुरमाड रानात जाड प्लास्टिकचे अस्तर घालतात. अस्तर घातले तरी वरून ऊन पाणी पितेच. चैत्र-वैशाखात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी आटते, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत दोन-अडीच फूट. त्याच वेळी डाळिंबाची बाग किंवा जनावरे उरलेल्या पाण्यावर डोळा लावून बसलेली असतात.

यावरून पहिला नियम निघतो. मासे सोडण्यापूर्वी माशांची माहिती विचारू नये, पाण्याची विचारावी. आपल्या तळ्यात पाच फूट पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते? गेल्या दोन-तीन वर्षांत काय झाले? श्रावणात भरलेले तळे माघ-फाल्गुनात रिकामे होत असेल, तर किलोभर वजनाच्या माशाचे स्वप्न पाहू नये. तेथे अर्धा-पाऊण किलोचा मासा काढून मोकळे व्हावे. किंवा लहान पिल्ले घेऊन ती बोटाएवढी करून विकावीत. पाणी वर्षभर टिकत असेल तरच पुढची हाव.

दुसरा प्रश्न, मासे कोणते? कटला, रोहू आणि मृगळ ही आपल्या देशातील नद्यांची तीन भावंडे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तिघे राहतात आणि एकमेकांच्या तोंडचा घास काढीत नाहीत. कारखान्यात तीन खात्यांतले कामगार एकाच भोंग्यावर आत जातात आणि आपापल्या यंत्रावर उभे राहतात, तसेच हे. साधारणपणे दहांत चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असे प्रमाण ठेवतात. अस्तराच्या तळ्यात तळाचा गाळ नसतो, म्हणून मृगळाला खाद्य कमी पडते; तेथे त्याची संख्या थोडी कमी करून रोहू वाढवावा.

या पिल्लांमागे एक मोठी गोष्ट आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. त्यामुळे पूर्वी बंगालच्या नद्यांतून पिल्ले धरून ती आगगाडीने देशभर पाठवावी लागत. वाटेत किती मरत आणि त्यांत नको असलेल्या जाती किती मिसळत, याला सुमार नसे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावले. आज आपल्या जिल्ह्यातला शेतकरी पिशवीत बीज घेऊन येतो तो त्या प्रयोगाच्या जिवावर. १० जुलै हा दिवस म्हणूनच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कोणी म्हणेल, आफ्रिकन मागूर झपाट्याने वाढतो, तो सोडा. त्याला सरकारची बंदी आहे, आणि ती योग्य आहे. तो दुसरे मासे खाऊन टाकतो आणि तळे फुटून ओढ्याला लागला तर ओढाही रिकामा करतो. तिलापियाही विचारल्याशिवाय सोडू नये. १९५२ साली त्याची एक जात परदेशातून आपल्या देशात आणली. ती पुढे नद्या-तलावांत अशी पसरली की आता परत बोलावता येत नाही. आपले तळे आपले असले तरी ओढा सर्वांचा आहे.

नव्या तळ्याचा एक मोठा फायदा असतो. त्यात मरळ, वांब यांसारखे दुसऱ्यांची पिल्ले गिळणारे मासे अजून आलेले नसतात. म्हणून पाणी आत येते तेथे बारीक जाळी बांधावी, म्हणजे ओढ्याच्या पाण्याबरोबर ते येत नाहीत. मातीच्या तळ्यात पाणी घेण्यापूर्वी ९ गुंठ्यांना सुमारे २० किलो चुना पसरावा. त्याने मातीतील आंबटपणा जातो. मग शेणखत. वर्षाला सुमारे ९०० किलो शेण या तळ्याला पुरे. ते एकदम न ओतता थोडे आधी आणि बाकीचे महिन्या-महिन्याने द्यावे. शेणाने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आणि शेवाळाचे कण वाढतात. त्यांना प्लवंग म्हणतात, आणि तेच माशांचे दूध. पाणी हिरवट झाले म्हणजे घाण झाले असे शहरी माणसाला वाटते. मासे पाळणाऱ्याला ती भरलेली कणगी दिसते. परीक्षा सोपी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. तळवा स्वच्छ दिसत असेल तर खाद्य कमी आहे, शेण द्यावे. हात थोडा बुडताच दिसेनासा झाला तर शेण ताबडतोब थांबवावे.

किती मासे सोडायचे? येथे हाव नडते. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली, असा साधारण हिशेब आहे. बोटुकली म्हणजे तीन-चार इंचांचे पिल्लू. आपल्या ९ गुंठ्यांच्या तळ्याला यावरून ४५० ते ९०० येतात. पाण्यात हवा खेळवणारे यंत्र नसेल तर ५००वर थांबावे. एवढीशी पिल्ले आणि एवढे मोठे तळे पाहून माणूस दोन हजार सोडतो, आणि मग सगळीच बोटाएवढी राहतात. एका खोलीत वीस माणसे कोंबली तर त्यांचे काय होते, हे आम्हांला कामगार वस्तीत वेगळे शिकावे लागले नाही.

पिल्ले प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येतात. ती सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हाच्या आधी-नंतर सोडावीत. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगू द्यावी, म्हणजे आतले-बाहेरचे पाणी सारख्या उष्णतेचे होते. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्लांना आपण होऊन बाहेर पडू द्यावे. पिशवी उलटी करून धबधबा सोडला की पुष्कळ पिल्ले त्या धक्क्यानेच मरतात, आणि मालक म्हणतो बीज वाईट होते.

त्यानंतरचे काम रोजचे आहे, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच. भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग भिजवून रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी द्यावा. लहानपणी माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा ३, पुढे शेकडा २. चारशे मासे पन्नास-पन्नास ग्रॅमचे असताना एकूण वजन २० किलो, म्हणजे रोजचे खाद्य ६०० ग्रॅम. तेच साडेतीनशे मासे चारशे ग्रॅमचे झाले की वजन १४० किलो आणि खाद्य २ किलो ८०० ग्रॅम. पौष-माघातल्या थंडीत मासा कमी खातो, तेव्हा हात आखडता घ्यावा. महिन्याला एकदा जाळे टाकून वजन पाहावे.

आणि पहाटे तळ्यावर जाऊन पाहावे. दिवसा पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करते, पण रात्री तेही श्वास घेते. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ दाटलेले चार दिवस गेले की मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. पाहणाऱ्याला ते खेळ वाटतात. ते गुदमरलेले असतात. अशा वेळी खाद्य आणि शेण बंद करावे आणि पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडावे. सूर्य वर येईपर्यंत हे कोणी केले नाही तर सहा महिन्यांचे पीक एका सकाळी पांढरे होऊन तरंगते. शेजारच्या बागेत औषध फवारताना वारा कोणीकडे आहे, फवाऱ्याची टाकी कोणी तळ्यात तर विसळली नाही ना, बगळे आणि रात्रीचे चोर किती येतात, हे सर्व पाहणे त्यातच आले.

हे कोण पाहतो? मालक बहुधा नगरात नोकरीला असतो. पाहतो तो सालगडी.

आता ते भांडण. एक सालगडी आमच्या कचेरीत आला. त्याचे साल पाडव्याला ठरलेले: रोख रक्कम, धान्य, आणि सुरुवातीला घेतलेली उचल. बोलीत बैल, गोठा, दारे धरणे, राखण एवढे होते. श्रावणात मालकाने तळ्यात मासे सोडले आणि खाद्य टाकण्याचे काम आपोआप गड्याकडे आले. एका ढगाळ आठवड्यात त्याने पहाटे मासे वर आलेले पाहिले, कोणाला न विचारता पंप चालू केला आणि दोन तास तो तेथे थंडीत उभा राहिला. माघात जाळे पडले. दोनशे किलोच्या वर मासा निघाला, बांधावरच विकला गेला. गड्याच्या हातात दोन मासे ठेवले गेले.

तो आमच्याकडे म्हणाला, "साहेब, मासे घरी नेले, पोरांनी खाल्ले, गोड लागले. पण हे माझं काम की माझ्यावर उपकार, तेवढं सांगा."

आम्ही मालकाकडे गेलो. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याचे म्हणणे असे, की तळे माझे, बीज माझे, पेंड माझी. गड्याला सालाचे पैसे दिलेच आहेत. आम्ही त्याला एकच हिशेब करायला सांगितला. पाचशे बोटुकली सोडली. शेकडा ७० जगली तर साडेतीनशे. सरासरी सहाशे ग्रॅम धरले तर २१० किलो. आता त्या ढगाळ पहाटे पंप चालू झाला नसता तर किती? कागदावर त्याने शून्य लिहिले आणि बराच वेळ त्या शून्याकडे पाहत बसला. पुढच्या पाडव्याला सालाच्या बोलीत एक कलम वाढले: खर्च वजा जाता माशांच्या उत्पन्नातील पाचवा हिस्सा गड्याचा, आणि तो लेखी. नंतरच्या वर्षी गड्याने खाद्याची वही स्वतः ठेवली. वाटा मिळाला की माणूस वही ठेवतो, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

हाच प्रश्न पाथर्डीकडे दुसऱ्या रूपात दिसतो. तेथल्या लहान शेतकऱ्याचे तळे श्रावणात भरते, मासे सोडले जातात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात. मासे वाढायचे दिवस आणि घर रिकामे राहायचे दिवस एकच. मागे राहते म्हातारी आणि शाळेतली पोरे. एका तळ्यावर एका माणसाचे पोट भरेल असे आम्ही सांगणार नाही. दोनशे किलो माशांत तेवढा जीव नाही. परंतु एका वस्तीवरची पाच-सहा तळी एकत्र पाहिली, आणि खाद्य, राखण, विक्री एका जोडप्याकडे हिश्शाने दिली, तर त्या जोडप्याला उचल न घेता हंगामभर गावात राहता येण्याचा संभव आहे. त्यांची पोरे शाळेत टिकतील, हा त्यातला खरा नफा. पाणी पाचसहा महिनेच टिकणाऱ्या तळ्यांत भूमिहीन बायकांच्या गटाने बारीक बीज वाढवून बोटुकली विकण्याचे कामही असेच करता येईल. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला तळ्याचे अनुदान मिळत नाही. पण कराराने पाण्यावरचा हिस्सा त्याला मिळू शकतो. जाळे ओढायला भोई समाजातले जाणते हात बोलवावेत आणि त्यांचीही मजुरी आधी ठरवावी.

दोन गोष्टी अप्रिय असल्या तरी बोलल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, कित्येक तळी पावसाने भरत नाहीत. बोअर आणि विहिरी रात्रंदिवस चालवून भरली जातात. जमिनीखालचे पाणी सर्व गावाचे, ते वर काढून उन्हात आटायला ठेवायचे आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडायची, ही तळ्याची शेती नव्हे. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला. मासे पाणी पीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण माशांसाठी म्हणून उन्हाळ्यात बोअर चालू ठेवले तर तो मोठेपणा संपतो.

दुसरी गोष्ट जिवाची. प्लास्टिकच्या उतारावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. अशा तळ्यांत पडलेली पोरे, आणि त्यांना काढायला गेलेली मोठी माणसे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. मासे सोडले की तळ्यावर येणे-जाणे वाढते. म्हणून बीज आणण्यापूर्वी चारही बाजूंना कुंपण, चारही कडांना गाठी मारलेले जाड दोर आणि हवा भरलेली एक-दोन ट्यूब बांधावी. हा खर्च टाळण्याजोगा नाही. जो मालक तो करीत नाही, त्याच्या तळ्यावर गड्याने कामाला जाऊ नये, असे आम्ही संघटनेतर्फे उघडपणे सांगतो.

शेवटी माळकरी बंधूंविषयी. ज्या जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे घरात मासा न येणारी शेकडो घरे आहेत. त्यांना आम्ही नफ्याचे आमिष दाखवीत नाही. ज्याला पटत नाही त्याने मासे पाळू नयेत. त्यांनी तळ्यात गप्पी मासे मात्र जरूर सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात, त्यांना कोणी खात नाही, आणि वस्तीवरचा हिवताप कमी होतो.

बंधुभगिनींनो, येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी कित्येकांच्या गावाकडच्या तळ्यांत पिशव्या उघडल्या जातील. राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन माहिती विचारा, बीज खात्रीचे घ्या, संख्या मोजून सोडा. आणि त्याच दिवशी, तळ्याच्या काठावर बसून, पहाटे उठणाऱ्या माणसाचा हिस्सा कागदावर लिहा. पाचवा लिहा, चौथा लिहा, तुमच्या गावाला पटेल तो लिहा. पण मासे लहान असतानाच लिहा. मासे मोठे झाल्यावर माणसाचे मन लहान होते, असा आमचा अनुभव आहे.